मिनिटाला वीस फेरे

वेगवान मोटर हवी तर पैशाला पासरी.
ड्रिलची, मिक्सरची, धूळ ओढणाऱ्या नळीची,
कुहमोच्या भंगारात हात घातला की पाच निघतात,
सगळ्या घाईच्या, सगळ्या किंचाळणाऱ्या.
घोडं अडतं ते हळू फिरणारीपाशी.

शिकारी संघाच्या डब्यात सदतीस युरो.
हंगामाला दीड महिना, आणि पोरं अजून
उभ्या ठिपक्यावरच नेम धरतायत.
एल्क काही ठिपक्यासारखा उभा राहत नाही.
दुकानात मिळते तशी मोटर, गिअरबॉक्ससकट.
किंमत वाचून औलिस म्हणाला,
"एवढ्यात खरा एल्क पगारावर ठेवू."

म्हणून मी, संघाची हिशेबनीस,
गुडघे दुखत असताना भंगार उपसू लागले.
मायक्रोवेव्हच्या काचेच्या थाळीखालची:
मुठीत मावते, मिनिटाला पाच फेरे,
पुठ्ठ्याचा ससा हलवते, प्लायवुड जोडलं की रडते.
बंद पडलेल्या दुकानातल्या नाताळबाबाची,
पंचवीस वर्षं एकच हात हलवून दमलेली.
मांस भाजायच्या सळईची. हिच्यात दम होता,
पण चरबीचा वास काही धुऊन जाईना;
तिसऱ्या रात्री कोल्हा येऊन वायर तोडून गेला.

भंगारवाली हिल्क्का म्हणाली, "वायपरची बघ.
बारा व्होल्टची सहावर चालव,
मग ती विचार करून फिरते.
एक येणार आहे माझ्याकडे, पाच युरो."
औलिस तिथंच उभा होता, हातमोजा काढत, घालत.
"माझ्याकडे आहे," म्हणाला.

सौनामागं ताडपत्रीखाली निळी डॅटसन.
त्याच्या भावाची, रेइयोची.
पुढचं नाक आत गेलेलं, काच नाही,
चालकाच्या जागेवर गवत.
नोव्हेंबरात लेंतीराच्या वळणावर काय आडवं आलं
ते गावात सगळ्यांना माहीत आहे,
अकरा वर्षं कुणी तोंडावर आणलेलं नाही.
मी बॅटरी धरली. तो दहाच्या पान्यानं बोल्ट सोडवत गेला.
गंजले असतील वाटलं होतं.
एकही अडला नाही.

रविवारी बर्चचा लांब दांडा, दोन बिजागऱ्या,
आणि औलिसनं रंगवलेला एल्क,
शिंगं जरा जास्तच, डोळा एकच.
बटण दाबलं. स्प्रूसच्या मागून तो आला,
मोकळ्यात आला, पुन्हा मागं गेला.
मिनिटाला वीस वेळा, चुकता चुकत नाही.
सोळा वर्षांच्या वेन्लानं पाचातल्या चार घातल्या
आणि पाचवीला बर्चच्या दांड्याची साल काढली.

संध्याकाळी मी बटण बंद केलं
तेव्हा एल्क नेमका मोकळ्यात होता.
थांबला नाही.
तसाच चालत झाडामागं गेला, आणि मग थांबला.
मला वाटलं, कुठंतरी तार चिकटली.

"वायपर आहे," औलिस म्हणाला.
"काचेच्या मधोमध थांबत नाही.
बंद केला तरी आपल्या जागी जाऊन मगच निजतो.
ती तिसरी वायर त्यासाठीच."
मग म्हणाला, "परत लाव."
लावलं.
"मध्ये आला की बंद कर."
केलं. तो झाडामागं गेला.
"परत."

पोरं रिकामी काडतुसं वेचून सायकलींवरून निघून गेली.
आम्ही किती वेळा केलं ते मोजलं नाही.
सहा व्होल्टची बॅटरी शेवटी मंदावली,
तरी शेवटच्या खेपेला तो पोचला, कसाबसा.

घरी येऊन वही उघडली.
वायर साडेसहा. बिजागऱ्या चार. रंग औलिसकडचा.
मोटर लिहिलं, आणि पुढची चौकट तशीच राहिली.

हिल्क्काचा फोन आला, पाच युरोवाली ठेवू का म्हणून.
ठेव म्हटलं.
हिवाळ्यात ससा करायचाय, जरा मोठा.